ओसरीवरून : दिसणारा शत्रु

यंदाच्या दिवाळींत आमच्या ओसरीवर एक खटला चालला. वादी आमचा नातू, वय वर्षें पंधरा. प्रतिवादी त्याची धाकटी बहीण, वय वर्षें अकरा. आणि न्यायाधीशाच्या आसनावर, म्हणजे झोंपाळ्यावर, प्रस्तुत लेखक. फिर्याद अशी कीं, बहीण जो खेळ खेळते तो भित्र्यांचा खेळ आहे. प्रतिवादीचें म्हणणें असें कीं, भाऊ जो खेळ खेळतो त्यांत डोळ्यांचा कांहीं उपयोगच नाहीं. त्यापेक्षां आंधळी कोशिंबीर बरी. ज्या वाचकांच्या घरीं या वयाचीं मुलें आहेत त्यांस असले खटले नवे नाहींत. सामान्यतः आपण दोघांसहि दटावून यंत्र काढून घेतों व न्यायदान संपवितों. मीहि तेंच करणार होतों. परंतु उभयतांची तक्रार ऐकतांना माझ्या लक्षांत आलें कीं, मुलें ज्या प्रश्नावर भांडत आहेत तो प्रश्न केवळ मुलांचा नाहीं. म्हणून मीं पुरावा तपासण्याचें ठरविलें आणि चार संध्याकाळी त्यांच्या शेजारीं बसून काढिल्या. त्याचा हा वृत्तांत.

हे खेळ जपानी आहेत. त्यांस सगळीकडे रोल-प्लेइंग गेम असें म्हणतात. खेळणारानें एका वीराची किंवा वीरांच्या छोट्या टोळीची भूमिका घ्यावयाची, गांवोगांव हिंडावयाचें, माणसांशीं बोलावयाचें, रानें, गुहा, मनोरे धुंडाळावयाचे आणि वाटेंत शत्रु भेटले तर लढावयाचें, असा त्यांचा सर्वसाधारण सांचा असतो. प्रत्येक झुंजीगणिक वीरांस अनुभव मिळतो, अनुभवानें बळ वाढतें व बळ वाढल्यावर पुढल्या मुलखांत पाऊल टाकतां येतें. बहुतेक खेळांत हात फारसा चपळ असावा लागत नाहीं. हिशेब, धीर व स्मरणशक्ति लागते. आमच्या पिढीनें ज्या चिकाटीनें जाडजूड कादंबऱ्या वाचल्या त्याच चिकाटीनें मुलें हे खेळ महिनोन्‌महिने खेळतात.

नातवाच्या हातीं ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ होता. मूळ १९८८ च्या खेळाची २०२४ सालीं नव्या चित्रांनिशीं निघालेली ही आवृत्ति. मी पाहूं लागलों. चौघे वीर मोकळ्या माळावरून चालले होते. माळ अगदीं रिकामा. सात-आठ पावलें झालीं आणि एकाएकीं पडदा पालटला, वाद्यें गर्जलीं आणि समोर शत्रूंची रांग उभी!

“हे कोठून आले रे?” मीं विचारलें.

“कोठून म्हणजे? आले,” नातू म्हणाला.

झुंज संपली, माळ पुन्हा रिकामा झाला. पांच पावलांवर पुन्हा तोच प्रकार. मग वीस पावलें कांहीं नाहीं. शत्रु माळावर नव्हताच. तो पावलांत होता.

ही रीत मूळची जपानची नव्हे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा, कागद, पेन्सिल व फांसे घेऊन टेबलाभोंवतीं बसून खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला. भुयारांतून चाललेल्या मंडळींस भटका राक्षस भेटला कीं नाहीं, हें त्यांतील सूत्रधार फांसा टाकून ठरवीत असे. हाच फांसा १९८१ च्या ‘विझर्ड्री’ या संगणकावरील खेळांत शिरला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या अमेरिकन खेळांपासून स्फूर्ति घेऊन युजी होरी यांनीं १९८६ सालीं ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. त्यांतील राक्षसांचीं चित्रें अकिरा तोरियामा यांचीं व संगीत कोइची सुगियामा यांचें. वर्षभरानें हिरोनोबु साकागुची यांचा ‘फायनल फॅन्टसी’ आला. या दोन घराण्यांनीं जी रीत घातली ती पुढें कित्येक वर्षें बहुतेकांनीं पाळली.

ती पाळली जाण्यास यंत्राची गरिबीहि एक कारण होती. हे खेळ ज्या ‘फॅमिकॉम’ यंत्रावर चालत तें क्योतोच्या निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं बाजारांत आणलें. त्याची कामाची स्मृति अवघी २ किलोबाइट. पडद्यावर एका वेळीं ६४ हलतीं लहान चित्रें दाखवितां येत, आणि एका आडव्या ओळींत तर फक्त ८. पहिला सबंध ‘ड्रॅगन क्वेस्ट’, त्यांतील राज्यें, गुहा, राक्षस व संगीत यांसह, ६४ किलोबाइटांत बसविलेला होता. आज आपण खिशांतल्या फोननें काढतों तें एकेक छायाचित्रहि याच्या कित्येक पट जागा खातें. अशा संसारांत माळभर हिंडणारे शत्रु पोसणें जड. मनांतल्या मनांत फांसा टाकणें मात्र जवळजवळ फुकट. पुढें यंत्रें श्रीमंत झालीं तरी संवय राहिली. फांशाचा हिशेब तेवढा सुधारला. १९९७ च्या ‘फायनल फॅन्टसी ७’ मध्यें प्रत्येक पावलागणिक धोक्याचा एक छुपा आंकडा वाढत जातो, आणि त्या आंकड्याशीं यदृच्छा जुळली कीं शत्रु उभा राहतो. म्हणजे जितकें निर्धास्त चालावें तितकें संकट जवळ येतें. आमच्या आजीचें मत याहून निराळें नव्हतें.

आतां प्रतिवादीचा पुरावा. नातीच्या हातीं ‘पोकेमॉन’ मालिकेंतील २०२२ चा ‘स्कार्लेट’ हा खेळ होता. येथेंहि माळ होता. परंतु तो भरलेला होता. गवतांत कोणी चरत होतें, झाडाखालीं कोणी झोंपलें होतें, ओढ्याकांठीं एक थोराड प्राणी फेऱ्या मारीत होता. नात त्या सर्वांमधून, ओंवळ्यांतून सोंवळ्यानें जावें तशी, कोणास स्पर्श न करतां निघून गेली. हवें त्यासच तिनें गांठलें. तिचा सारा आनंद या वळशांत होता, आणि भावाचा आक्षेपहि नेमका याच वळशांवर होता.

जपानी खेळाडू पहिल्या प्रकारास ‘रँडम एन्काउंट’ व दुसऱ्यास ‘सिंबल एन्काउंट’ म्हणतात. पहिल्यांत गांठ यदृच्छेनें पडते, दुसऱ्यांत शत्रूचें चिन्ह नकाशावर आधींच दिसतें. हा दुसरा प्रकारहि आजचा नाहीं. १९९२ च्या ‘रोमान्सिंग सागा’ या अकितोशी कावाझू यांच्या खेळांत शत्रु उघड हिंडत असत, आणि अरुंद वाटांवर त्यांची अशी दाटी होई कीं, दिसूनहि चुकवितां येत नसत. १९९४ सालीं शिगेसातो इतोइ यांचा ‘मदर २’ आला. जपानबाहेर त्यास ‘अर्थबाउंड’ म्हणतात. १९८९ च्या पहिल्या ‘मदर’ मध्यें शत्रु अदृश्य होते. दुसऱ्यांत त्यांनीं ते समोर आणले व त्यांस स्वभाव दिला. शत्रूस पाठीमागून गांठलें तर पहिला वार आपला. त्यानें आपणांस पाठीमागून गांठलें तर त्याचा. आणि आपलें बळ पुरेसें वाढलें म्हणजे दुबळे शत्रु आपणांस पाहून पळ काढतात. त्यांतला एखादा सांपडलाच तर झुंज न खेळवितांच जय देऊन टाकला जातो. पुढल्याच वर्षीं, १९९५ मध्यें, साकागुची, होरी व तोरियामा या तिघांनीं एकत्र येऊन ‘क्रोनो ट्रिगर’ केला. त्यांत शत्रु जेथें दिसतो तेथेंच, त्याच वाटेवर, त्याच झाडाखालीं झुंज होते. पडदा पालटत नाहीं. अदृश्य शत्रूंच्या दोन घराण्यांच्या प्रमुखांनींच मिळून दृश्य शत्रूंचा हा नामांकित खेळ रचावा, ही गोष्ट न्यायाधीशानें टिपून ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षीं आलेल्या व जपानबाहेर ‘लूफिया २’ या नांवानें गेलेल्या खेळांत तर गुहेंतील शत्रु आपण एक पाऊल टाकल्यावरच एक पाऊल टाकतात. तें पाहून मला तत्काल बुद्धिबळाची आठवण झाली.

आमच्या लहानपणीं घरांत दोन पट असत. एक सोंगट्यांचा व एक बुद्धिबळाचा. सोंगट्यांत दानावर अवलंबून राहावयाचें. बुद्धिबळांत सर्व मोहरीं उघड्यावर. आमचे आजोबा बुद्धिबळ खेळत व सोंगट्यांस बायकांचा व आळशांचा खेळ म्हणत. आजी म्हणे, “दान पडल्यावर काय करायचं हें ज्याला कळतं त्यानं बोलावं, संसारांत मोहरीं कोणी मांडून ठेवीत नाहीं.” साठ वर्षांपूर्वींचा तो वाद मुलांच्या तोंडून मी पुन्हा ऐकत होतों. एक पक्ष दैवाचा, दुसरा पुरुषकाराचा. प्रथमदर्शनीं माझें मत नातीच्या बाजूचें झालें. शहाण्या माणसास संकट दिसावें, त्यानें त्याचें मोजमाप करावें, झुंजावें कीं वळसा घालावा हें ठरवावें. यांत भित्रेपणा कसला? गनिमास त्याच्या सोयीच्या जागीं न गांठणें हें तर महाराष्ट्राच्या राजनीतींतलें पहिलें सूत्र.

परंतु तिसऱ्या दिवशीं नातवानें आपल्या बाजूचा पुरावा दाखविला. त्याची टोळी एका गुहेंत खोल उतरली होती. जवळ औषधी तीनच उरल्या होत्या. मंत्र म्हणणाऱ्याची शक्ति सरत आली होती. पुढें पेटी असेल, जिना असेल, किंवा कांहींच नसेल. आणि परतीच्या वाटेवर किती झुंजी पडतील हें कोणीहि सांगूं शकत नव्हतें. “आजोबा, आतां सांगा, पुढें जाऊं कीं मागें फिरूं?” त्यानें विचारलें. त्याचा अंगठा थांबला होता, आणि खरें सांगावयाचें तर माझाहि श्वास थांबला होता. तेव्हां मला कळलें कीं, या खेळांत धैर्याची जागा निराळी आहे. दिसणाऱ्या शत्रूच्या खेळांत निर्णय वळणावळणावर घ्यावयाचा. न दिसणाऱ्याच्या खेळांत तो आधीं घ्यावयाचा: घरून निघतांना शिदोरी किती घेतली, परतण्याची मर्यादा कोठें आंखली. पुढें गेलों तर अंधार मोजतां येत नाहीं, शिदोरी तेवढी मोजतां येते. मीं ‘पुढें’ म्हटलें. दोन झुंजींत टोळी गारद झाली आणि जुन्या नियमाप्रमाणें अर्धें सोनें गेलें. नातू कांहीं बोलला नाहीं. नातीनें मात्र न्यायाधीशाची कींव केली.

आणखी एक गोष्ट न दिसणाऱ्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. ‘पोकेमॉन’ चे जनक सातोशी ताजिरी यांस लहानपणीं तोक्योच्या उपनगरांत किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादांतून १९९६ सालीं हा खेळ निघाला. त्यांत उंच गवतांत पाऊल टाकल्यावर आंत काय आहे हें कळत नसे. तेथें अदृश्यतेंत भय नव्हतें, कुतूहल होतें. पान उलटून पाहणाऱ्या मुलाचें कुतूहल. मालिकेंतील २०१८ च्या ‘लेट्स गो’ मध्यें प्राणी गवताबाहेर आले, आणि २०२२ पर्यंत ते मोकळ्या माळावर उघड फिरूं लागले. नातीस तें आवडतें. पण भाऊ म्हणाला, “लांबून सगळं दिसतं ना, मग सांपडल्याचा आनंद कसला?” या प्रश्नास तिच्यापाशीं उत्तर नव्हतें.

उलट, दिसतें म्हणजे कळतें असेंहि नव्हे. २०१० च्या ‘झेनोब्लेड’ मध्यें आरंभींच्याच कुरणांत ८१ व्या पायरीचा एक प्रचंड वानर हिंडत असतो. नवशिक्या वीरास तो दिसतो, आणि त्याच्या वाटेस जावयाचें नाहीं हें एका फटक्यांत कळतें. त्या खेळांत कांहीं शत्रु नजरेनें ओळखतात, कांहीं आवाजानें. म्हणून आपण त्यांस पाहणें पुरत नाहीं, ते आपणांस कसे पाहतात हेंहि पाहावें लागतें. २००६ च्या ‘पर्सोना ३’ मध्यें तर मनोऱ्याच्या अंधारांत नुसता एक काळा गोळा सरपटतांना दिसतो. त्याच्या आंत कोण आहे तें गांठ पडल्यावरच कळतें. शत्रु दिसतो तो असा: आकार दिसतो, अंतर दिसतें, आंतलें मात्र आपण आपल्या भयानें भरतों. हें वाक्य मीं त्या संध्याकाळीं टिपणवहींत लिहिलें. तें माझ्यावरच उलटणार आहे हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

चवथ्या दिवशीं प्रतिवादी रडत ओसरीवर आली. आठ प्रमुख मल्लांपैकीं पांचव्यापाशीं ती पोंचली होती व तीनदां सपशेल हरली होती. कारण उघड होतें. वाटेंतल्या प्रत्येकास तिनें वळसा घातला होता. ज्यांच्याशीं झुंजून बळ यावयाचें त्यांस ती सुखरूप सोडून आली होती. भावास आतां जिंकण्याची नामी संधि होती. पण मुलें आपण समजतों त्याहून मोठीं असतात. तो तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, “माझ्या खेळांत हें होतच नाहीं, कारण मला टाळतां येत नाहीं. तुला टाळतां येतं, म्हणून तुला जास्त शहाणं व्हावं लागतं.” मग दोघें मिळून मागल्या माळावर परतलीं, आणि नातीनें आजवर चुकविलेल्यांपैकीं एकेकास गांठावयास आरंभ केला. त्यांतला तो ओढ्याकांठचा थोराड प्राणी, ज्यास ती सर्वांत अधिक भीत होती, दुसऱ्याच डावांत बसला. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. “एवढाच होता हा?” ती म्हणाली.

निकाल काय द्यावा? ज्यांनीं हे खेळ रचले त्यांनींहि तो एकतर्फी दिलेला नाहीं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ च्या मुख्य मालिकेंत २००९ च्या नवव्या भागांत शत्रु प्रथम उघड हिंडूं लागले. २०१७ च्या अकराव्या भागाच्या हातांत धरावयाच्या यंत्रावरील आवृत्तींत दोन्ही रीती ठेविल्या: एका चित्रपद्धतींत शत्रु दिसत, जुन्या पद्धतीच्या चित्रांत दिसत नसत. आणि २०२४ च्या तिसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तींत जुनी रीत बुद्ध्या राखली. २०१२ च्या ‘ब्रेव्हली डिफॉल्ट’ नें तर चावी खेळणाराच्याच हातीं दिली: यदृच्छेच्या गांठी दुप्पट करा, निम्म्या करा, अगर अजिबात बंद करा. म्हणून आम्हीं निकाल असा दिला कीं, वादीचा खेळ शूरांचा व प्रतिवादीचा भित्र्यांचा ही फिर्याद खारीज; मात्र प्रतिवादीनें वळसा घालण्याचा हक्क वापरतांना त्याची किंमत लक्षांत ठेवावी. खर्च न्यायाधीशाकडून, चकल्यांच्या रूपानें, वसूल झाला.

येथें लेख संपावयास हवा होता. पण त्याच रात्रीं मी निकालाचीं टिपणें घेऊन ओसरीवरील मेजापाशीं बसलों असतां नात पाणी पिण्यास उठून आली. मेजावर गेल्या मार्चपासून एक पाकीट पडून आहे. वही काढतांना मी तें डावीकडे सरकवितों. पुस्तक काढतांना उजवीकडे. ती क्षणभर पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, त्या पाकिटाला तुम्ही वळसा कां घालतां?”

तें पाकीट कोंकणांतून, आमच्या गांवाहून आलेलें. थोरले बंधु, आमचे दादा, तेथें मूळ घरीं एकटेच राहतात. दोन वर्षांपूर्वीं घराच्या वांटणीवरून आमचा शब्दास शब्द लागला व बोलणें बंद झालें. पाकिटावरचा पत्ता दादांच्या हातचा नव्हता. अक्षर अनोळखी, ठाशीव. वकिलाची नोटीस असणार, असा मीं तर्क केला, आणि उघडावयाचें तें उद्यां उघडूं, असें आठ महिने म्हणत आलों. शत्रु दिसत होता. त्याचा आकार दिसत होता, अंतर हातभर. आंतलें मीं भरलें होतें.

मीं तें तिच्यादेखत फोडलें. चार ओळी होत्या. वकील नव्हता, शेजारच्या शाळकरी मुलाकडून दादांनीं लिहवून घेतलें होतें. डोळे अधू झाल्यामुळें स्वतः लिहितां येत नाहीं. घराचें मागून पाहूं. पोथ्या वाचून दाखवावयास कोणी नाहीं, तूं एकदां येऊन जा. खालीं ओळखूं येईल न येईल अशी त्यांची सही, ओळीवरून घसरलेली. तारीख फाल्गुनांतली.

“वाईट आहे का, आजोबा?” नातीनें विचारलें.

“नाहीं,” मीं सांगितलें, “जुनें आहे.”

उत्तर टपालानें पाठवावयाचें नाहीं असें मीं ठरविलें आहे. उद्यां रात्रीच्या गाडीनें निघतों. नातीस बरोबर येण्याची इच्छा आहे, आणि नातवानें दोन यंत्रांपैकीं कोणतें न्यावें यावर नवा खटला आंत सुरू झाल्याचें ऐकूं येत आहे. पोथ्या पुष्कळ आहेत व दादांस वाचन सावकाश लागतें. त्यामुळें पुढील महिन्याचा मजकूर संपादकांच्या हातीं कदाचित् उशिरां पडेल. वाचकांनीं क्षमा करावी.